आठ ट्रॅक, एक घड्याळ

वारकरी भजन रेकॉर्ड करणं हे ध्वनिमुद्रकाची परीक्षा पाहणारं काम आहे. पखवाजाच्या कणीक लावलेल्या डाव्या तोंडाचा घुमारा, शाईच्या उजव्या तोंडाची टणक थाप, पेटी, मुख्य गायक, मागून चाल धरणारे पाच-सात जण आणि या सगळ्यांवर पसरलेले टाळ. टाळांचा आवाज एकदा गायकाच्या मायक्रोफोनमध्ये शिरला की नंतर तो पुरता निघत नाही. म्हणून प्रत्येक आवाजाला स्वतःचा मायक्रोफोन द्यायचा, तो वेगळा साठवायचा आणि कोणाला किती पुढे आणायचं हे मागाहून निवांत ठरवायचं, ही पद्धत रूढ झाली. असा वेगळा साठवलेला आवाज म्हणजे ट्रॅक, आणि असे आठ, सोळा किंवा चोवीस ट्रॅक एकाच वेळी साठवणारं यंत्र म्हणजे मल्टीट्रॅक रेकॉर्डर.

रहाटणी, काळेवाडी, थेरगाव, पिंपळे सौदागर हा पवनेकाठचा पट्टा. देहू आणि आळंदी दोन्ही जवळ. दिवसा कारखान्यात आणि संध्याकाळी भजनी मंडळात, असं आयुष्य इथल्या कित्येकांनी काढलं आहे. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या भजन स्पर्धा हा कारखान्यातल्या गायक-वादकांचा मानाचा फड. आपल्या मंडळाची कॅसेट निघावी, पुढे सीडी निघावी, ही हौस त्यातूनच आली. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षं ज्याला मोठ्या स्टुडिओचं भाडं परवडत नव्हतं, त्याच्यासाठी डिजिटल मल्टीट्रॅक रेकॉर्डर हाच आधार होता. त्या काळातल्या घरगुती संगणकाला आठ ट्रॅक एकदम पेलणं जड जायचं. यंत्राला मात्र दुसरं कामच नव्हतं.

या यंत्रांची सुरुवात व्हिडिओ टेपपासून होते. अमेरिकेतल्या ॲलेसिस कंपनीने १९९१ च्या जानेवारीत ‘एडॅट’ जाहीर केला आणि १९९२ मध्ये तो बाजारात आला. कंपनीचे संस्थापक कीथ बार यांनी नवी टेप शोधण्याच्या भानगडीत न पडता दुकानात सहज मिळणारी एस-व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट वापरली. एका कॅसेटवर आठ ट्रॅक, सुमारे चाळीस मिनिटं. असे सोळा एडॅट एकमेकांना जोडले की १२८ ट्रॅक. किंमत चार हजार डॉलरच्या आत होती. तोवर डिजिटल मल्टीट्रॅक ही फक्त बड्या स्टुडिओंची चैन होती, म्हणून या आकड्याने जगभर खळबळ उडाली. टॅस्कॅमने १९९३ मध्ये ‘डीए-८८’ आणला. तो हाय-८ या छोट्या व्हिडिओ कॅसेटवर चालायचा.

व्हिडिओशी असलेलं नातं याहून जुनं आहे. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० नमुन्यांनी साठवला जातो. हा विचित्र आकडा आला कुठून? सीडी येण्यापूर्वी डिजिटल आवाज व्हिडिओ रेकॉर्डरवर, चित्राच्या ओळींमध्ये कोंबून ठेवत. युरोपीय पद्धतीत एका फील्डच्या, म्हणजे अर्ध्या चित्राच्या, २९४ ओळी कामाला येत, प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत आणि सेकंदाला ५० फील्ड जात. गुणाकार करा, ४४,१०० येतात. अमेरिकी पद्धतीत २४५ ओळी, ६० फील्ड आणि तेच तीन नमुने. उत्तर तेच. दोन्ही खंडांतल्या टीव्हीला जमलेला हा आकडा पुढे सगळ्या संगीताला चिकटला.

टेपनंतर हार्ड डिस्क आली. १९९६ मध्ये रोलँडचा ‘व्हीएस-८८०’ निघाला. मिक्सर आणि रेकॉर्डर हे दोन्ही त्या एकाच पेटीत होते आणि ती पेटी काखेत मारून नेता यायची. सोळा बिट, ४४.१ किलोहर्ट्झ या मापाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट जागा खातो. आठ ट्रॅकचे झाले ४२. सहा मिनिटांच्या एका अभंगाला अडीचशे मेगाबाइट लागणार, आणि त्या काळची झिप डिस्क शंभर मेगाबाइटची. म्हणून रोलँडने आवाज दाबून साठवण्याची स्वतःची पद्धत काढली. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण आज आपली अडचण नेमकी इथे होते. २००१ मध्ये ॲलेसिसने ‘एचडी२४’ आणला. चोवीस ट्रॅक, साध्या आयडीई हार्ड डिस्कवर, पण डिस्कवरची मांडणी मात्र कंपनीची स्वतःची.

आज ही यंत्रं माळ्यावर आहेत, कपाटाच्या तळाशी आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारात आहेत आणि बरीचशी भंगारात गेली आहेत. माझं म्हणणं असं की यातल्या प्रत्येक यंत्रात दोन मोलाच्या गोष्टी असतात. एक, आत साठवलेला आवाज, तोही सुटा सुटा. दोन, आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणारी उत्तम जातीची मंडलं. दुसरी गोष्ट उद्याही वापरता येईल. पहिलीला मुदत आहे. त्या डिस्कची भाषा फक्त त्या यंत्राला कळते. यंत्र बंद पडलं की डिस्क शाबूत असूनही मुकी होते.

पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हे प्रकरण परकं वाटू नये. भोसरीच्या शेडमध्ये जुनं सीएनसी मशीन असतं. त्याच्या कंट्रोलरला पेन ड्राइव्ह माहीत नाही, नेटवर्क माहीत नाही. पाठीमागे फक्त पंचवीस पिनांचं आरएस-२३२ पोर्ट. म्हणून कोणी ते मशीन मोडीत काढत नाही. लॅपटॉपला यूएसबी-सीरियल कन्व्हर्टर लावतात, दोन्हीकडे बॉड रेट आणि पॅरिटी जुळवतात आणि प्रोग्राम सोडतात. जॉब तितकाच अचूक निघतो. मल्टीट्रॅक रेकॉर्डरचं कामही याच जातीचं आहे: जुन्याला नवं कळत नाही, नव्याला जुनं आठवत नाही, मधे दुभाषा हवा आणि दोघांचा वेग एक हवा.

वेगाकडे येण्याआधी, यंत्राला वीज देण्यापूर्वीच्या दोन गोष्टी. परदेशातल्या नातेवाइकाने आणलेलं यंत्र बऱ्याचदा ११० किंवा १२० व्होल्टचं असतं. पाठीमागची पट्टी वाचल्याशिवाय ते आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. दुसरं, टेपचं यंत्र असेल तर कॅसेटचं झाकण उचलून टेपची कड उजेडात पाहा. आपल्या पावसाळ्यात तिथे पांढरी बुरशी धरते. अशी कॅसेट यंत्रात घातली की बुरशी फिरत्या हेडवर जाऊन बसते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब करते. ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्यावी.

आता आवाज बाहेर काढण्याच्या वाटा.

सर्वांत सरळ वाट प्रकाशाची. एडॅटने टेप मागे पडल्यावरही टिकून राहिलेली एक गोष्ट दिली: एका बारीक प्लॅस्टिकच्या प्रकाशतारेतून आठ ट्रॅक एकदम नेण्याची पद्धत. मूळ यंत्र कधीच इतिहासजमा झालं, पण ‘एडॅट’ लिहिलेलं ते चौकोनी भोक संगणकात आवाज घेणाऱ्या आजच्या ऑडिओ इंटरफेसवरही सापडतं. फोकसराइटचा स्कार्लेट १८आय२०, बेहरिंगरचा यूएमसी१८२० ही सहज मिळणारी उदाहरणं. जोडणी सोपी आहे. जुनं यंत्र चालू करा, तारेचं एक टोक त्यात लावा आणि दुसरं टोक तळहातावर धरा. लालसर ठिपका दिसला की तिकडचा दिवा जिवंत आहे. मग ते टोक इंटरफेसमध्ये. एक मात्र पाहा: हेच भोक दोन ट्रॅकच्या एसपीडीआयएफ संकेतासाठीही वापरलं जातं, त्यामुळे इंटरफेसच्या सेटिंगमध्ये ते ‘एडॅट’वर आहे ना हे तपासावं लागतं. या तारेतून वीज जात नाही, म्हणून अर्थिंगच्या गोंधळातून येणारी घरघरही तिच्यातून येत नाही. जुन्या वायरिंगच्या घरात हा मोठाच फायदा.

आता घड्याळ. डिजिटल आवाज म्हणजे ठरलेल्या ठेक्यावर येणारे आकडे, आणि हा ठेका यंत्रातला क्वार्ट्झचा स्फटिक धरतो. दोन यंत्रांचे स्फटिक कधीच अगदी सारखे नसतात. समजा दोघांत दहा लाखांमागे ५० इतका फरक आहे. ऐकायला नगण्य. पण सहा मिनिटांच्या अभंगात हा फरक १८ मिलिसेकंदांवर जातो. पखवाज एका फेरीत आणि टाळ दुसऱ्या फेरीत, ज्याचं त्याचं घड्याळ धरून उतरवले, तर सुरुवातीला एकत्र असलेली थाप आणि टाळ शेवटच्या गजरापर्यंत फुटून वेगळे ऐकू येतील. आणि डिजिटल तार जोडूनही दोघं आपापल्या ठेक्याने चालत राहिले, तर मधूनमधून ‘टिक्’ असे आवाज येतात. तिथे एखादा आकडा गळालेला किंवा दोनदा मोजलेला असतो. लोक तार बदलतात, ड्रायव्हर बदलतात, शेवटी यंत्राला दोष देतात. दोष बहुधा घड्याळाचा असतो.

नियम एकच: ठेका एकाने धरायचा, बाकीच्यांनी त्याच्या मागे जायचं. जुन्या यंत्रातून आवाज काढताना जुनं यंत्र मालक. त्याचं क्लॉक ‘इंटर्नल’वर, इंटरफेसचा ‘क्लॉक सोर्स’ ‘एडॅट’ किंवा ‘एसपीडीआयएफ’वर. ‘लॉक’चा दिवा न लुकलुकता स्थिर राहिला की जमलं. संगणकातल्या प्रोजेक्टचा सॅम्पल रेटही यंत्रातल्या गाण्याइतकाच हवा. ४४.१ चं गाणं ४८ समजून वाजलं तर ते जवळजवळ दीड अर्धस्वर वर चढतं: काळी एकमध्ये गायलेला अभंग पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे, पेटीवर कुठेच न सापडणाऱ्या पट्टीत जाऊन बसतो, आणि सहा मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटांत संपतो.

सगळ्याच यंत्रांना आठ ट्रॅकची प्रकाशतार नसते. कित्येकांना एसपीडीआयएफचे दोनच ट्रॅक बाहेर देता येतात. मग फेऱ्या कराव्या लागतात. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते. प्रत्येक फेरीत डावीकडे एकच ओळखीचा ट्रॅक ठेवायचा, शक्यतो पखवाजाच्या शाईचा, कारण त्याची थाप धारदार असते. आणि उजवीकडे दर फेरीला नवा. आठ ट्रॅकच्या सात फेऱ्या होतात. संगणकावर पहिल्या थापेची लाट मोठी करून सातही फेऱ्या तिच्याशी जुळवायच्या. घड्याळ एकच असल्याने सुरुवात जुळली की शेवटही जुळतो. उतरवताना यंत्राच्या मिक्सरवरचे फेडर शून्य डेसिबलवर, एक ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, ईक्यू आणि इफेक्ट बंद. वीस वर्षांपूर्वी कोणी गायकाच्या आवाजावर सढळ हाताने रिव्हर्ब टाकून ठेवला असेल, तर तो काढण्याची संधी आत्ताच आहे.

दुसरी वाट थेट डिस्कची. आतली हार्ड डिस्क काढायची, यूएसबी-आयडीई अडॅप्टरने संगणकाला जोडायची आणि फायली उचलायच्या, हे ऐकायला छान वाटतं. अडॅप्टर पुण्यात तपकीर गल्लीत शोधता येतं, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर. अडीच इंची डिस्कला ४४ पिना असतात आणि वीजही त्यातूनच जाते. साडेतीन इंचीला ४० पिना आणि वीज वेगळी. रहाटणीतल्या एका पखवाजवादकाच्या घरी आम्ही अशी डिस्क लॅपटॉपला लावली. ते भोसरीत सीएनसीवर काम करतात, त्यामुळे हात स्थिर आणि पिनांची भीती नाही. डिस्क फिरू लागली आणि पडद्यावर चौकट आली: डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

“माउली, हो म्हणू?” त्यांनी विचारलं. माउस बटणावर नेऊन ठेवला होता.

नाही म्हणायचं. दर वेळी नाही. विंडोजला ती मांडणी ओळखता येत नाही म्हणून तो डिस्क कोरी समजतो. ‘इनिशियलाइझ करू का’ असंही विचारतो, त्यालाही नाही. आम्ही लॅपटॉप लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून सुरू केला आणि ‘डीडीरेस्क्यू’ या मोफत प्रोग्रामने अख्ख्या डिस्कची बिट-न्-बिट नक्कल घेतली. जिथे वाचता येत नाही तो भाग हा प्रोग्राम नोंदवून पुढे जातो आणि नंतर परत येऊन पुन्हा प्रयत्न करतो. म्हाताऱ्या डिस्कला एकाच जागी घासत बसत नाही. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर करायचे. एचडी२४ सारख्या यंत्रांची मांडणी हौशी प्रोग्रामरनी उलगडून तिच्यातून वेव्ह फायली काढणारी मोफत साधनं लिहिली आहेत. त्या यंत्राला नेटवर्कचं पोर्टही आहे, पण ते १० मेगाबिटचं. एक तासाचं चोवीस ट्रॅकचं, चोवीस बिटचं, ४८ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग सुमारे साडेबारा गिगाबाइट भरतं आणि कागदोपत्रीच पावणेतीन तास घेतं, प्रत्यक्षात त्याहून जास्त. दाबून साठवलेल्या आवाजाच्या बाबतीत मात्र बहुधा यंत्राकडूनच वाजवून घेणं श्रेयस्कर.

यंत्राच्या पाठीमागे पंचवीस पिनांचं, डिस्क जोडण्यासाठीचं स्कझी पोर्ट दिसलं तर सावध राहा. जुन्या संगणकाचं प्रिंटर पोर्ट हुबेहूब तसंच दिसतं, पण आतले संकेत वेगळे. दोन्ही जोडून काही साधत नाही, बिघाड मात्र होऊ शकतो. स्कझी डिस्कच्या जागी मेमरी कार्ड बसवणारी ‘ब्लूस्कझी’सारखी खुल्या आराखड्याची सर्किटं आता मिळतात. मूळ डिस्क कुरकुरत असेल तर यंत्राचं आयुष्य त्यांनी वाढतं.

तिसरी वाट ॲनालॉग: यंत्राच्या आउटपुटपासून इंटरफेसच्या इनपुटपर्यंत साध्या केबल. शुद्धतावादी नाक मुरडतात. माझ्या मते यंत्राला सुटे आउटपुट असतील आणि डिजिटल वाट अडली असेल तर बेलाशक वापरावी. आठ केबल, आठ इनपुट, एकच फेरी. ट्रॅक एकमेकांपासून सरकण्याचा प्रश्नच नाही. आवाजाचं शिखर शून्याच्या सहा ते दहा डेसिबल खाली ठेवलं की झालं. जो फरक पडतो तो पत्र्याच्या मंडपात घेतलेल्या रेकॉर्डिंगमध्ये कोणाला ऐकू येणार नाही, आणि न उतरवलेलं रेकॉर्डिंग तर कोणालाच ऐकू येणार नाही.

कोणतीही वाट घ्या, एक गोष्ट विसरू नका. डिस्कवरच्या बऱ्याच यंत्रांत दिसणाऱ्या प्रत्येक ट्रॅकखाली राखीव थर असतात. व्हीएस-८८० मध्ये आठ ट्रॅक दिसतात, पण प्रत्येकाखाली आठ, म्हणजे एकूण चौसष्ट जागा. तिथे नाकारलेले प्रयत्न पडून असतात: गायकाने आधी घेतलेली चाल, वेगळा ठेका, मधे थांबून झालेलं बोलणं. ते बाहेर आपोआप येत नाहीत. एकेक थर निवडून वाजवावा लागतो. रहाटणीच्या त्या डिस्कमध्ये मुख्य गायकाच्या ट्रॅकखाली तोच अभंग संथ लयीत, संपूर्ण गायलेला सापडला. सीडीवर गेला होता तो द्रुत. मला संथ अधिक आवडला.

उतरवलेल्या फायली वेव्ह स्वरूपात ठेवाव्यात, एमपी-थ्रीमध्ये नव्हे. सगळ्या एकाच क्षणी सुरू होणाऱ्या, मधली शांतता न कापलेल्या. मग वीस वर्षांनी कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये त्या एकाखाली एक ओढल्या की आपोआप जुळतील. आवाज ‘नॉर्मलाइझ’ करू नका. मूळ आकडे जसेच्या तसे हवेत. शेजारी एक साधी मजकुराची फाइल: कोणत्या ट्रॅकवर काय, कोणी वाजवलं, कुठे, कधी, सॅम्पल रेट किती. जागेची चिंता उरलेली नाही. चाळीस मिनिटांची आख्खी एडॅट कॅसेट, आठही ट्रॅक धरून, १.८४ गिगाबाइट होते.

आवाज बाहेर आला की यंत्र मोकळं होतं, आणि मग त्यातली दुसरी मोलाची गोष्ट कामाला येते. एडॅट आउटपुट असलेला रेकॉर्डर आठ जास्तीचे इनपुट म्हणून संगणकाला जोडता येतो. इथे घड्याळाची बाजू उलटी करतात: इंटरफेस मालक, रेकॉर्डर मागे. त्यासाठी दुसरी प्रकाशतार इंटरफेसच्या आउटपासून रेकॉर्डरच्या इनपर्यंत हवी, आणि तारा पाच मीटरच्या आतल्या. बऱ्याच रेकॉर्डरना मायक्रोफोनचे इनपुट नसतात, फक्त लाइनचे. आधी छोटा मिक्सर लावावा लागतो. कीर्तनाच्या मंडपात मुख्य रेकॉर्डिंग लॅपटॉपवर आणि जोडीला जुनं यंत्र, असंही करता येतं. त्याला अपडेट येत नाहीत, फोन येत नाही. जनरेटरची वीज मात्र त्याला सोसत नाही. मधेच गेली तर चालू गाणं बुडतं, म्हणून छोटा यूपीएस हवाच.

असं यंत्र जुन्या बाजारातून विकत घेतलंत तर डिस्क साफ करण्यापूर्वी गाण्यांची यादी एकदा वाचा. कोण्या मंडळाचं, कोण्या ऑर्केस्ट्राचं काम त्यात असू शकतं आणि ते कदाचित दुसरीकडे कुठेच नसेल. यंत्र आपण विकत घेतो, गाणं नाही. आपल्या कायद्यात सादरकर्त्याचा हक्क ५० वर्षं टिकतो. नक्कल काढून बाजूला ठेवा, विकणाऱ्याला विचारा की हे कोणाकडून आलं, आणि माणूस सापडला तर सगळे ट्रॅक, राखीव थरांसकट, त्याच्या हातात द्या. फॉरमॅटचं बटण त्यानंतर.